मधला निषाद

आमच्या घरात 'बेसूर' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. बाबा कुणावर चिडले की 'मूर्ख' म्हणायचे आणि आई 'बेसूर माणूस' म्हणायची, आणि दोघांत आईची शिवी जास्त झोंबायची. बुकित बातोकच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक गोष्ट एकतर सुरात असे नाहीतर बेसूर. मिक्सर बेसूर, लिफ्टची घंटी बेसूर, समोरच्या ब्लॉकमधला कुत्रा तर ठार बेसूर. एमआरटीची गाडी वळणावरून जाताना जो लांबट आवाज काढायची तो मात्र आईच्या मते स्वच्छ पंचम होता आणि कुकरची शिट्टी त्याच्याशी जुळली की ती स्वयंपाकघरातून मला हाक मारून ऐकायला लावायची. पहाटे कोकीळ ओरडायला लागला की शेजारी वैतागून तक्रारीचे अर्ज लिहायचे. आई खिडकी उघडून ठेवायची. "सबंध बिल्डिंगीत हा एकटा रियाज करतोय," म्हणायची, "आणि लोकांना तोच नको."

आई पुण्याला बारा वर्षं एका बाईंकडे गाणं शिकली होती. कोणत्या बाई, हे सांगायची गरज तिला कधी वाटली नाही. आमच्या घरात त्या नुसत्या 'बाई' होत्या. मी नऊ वर्षांची असताना बाबांना रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आयटीतली नोकरी लागली आणि आम्ही त्यांच्या कामाच्या परवान्याला, म्हणजे पासाला, जोडलेल्या पासांवर देश सोडून इथे आलो. आईचा तानपुरा आला नाही, त्याच्याऐवजी एक इलेक्ट्रॉनिक डबा आला. मग कॉलनीतल्या मराठी मुलांना ती शनिवारी सा रे ग म शिकवू लागली. मुलं आलाप घेता घेता मध्येच "आंटी, कॅन गो टॉयलेट?" विचारायची. आई हसून 'जा' म्हणायची, पण मुलं घरी गेली की डब्याचं बटण बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहायची. त्या बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळत होता, पण मला माझी व्हायोलिन, शाळा आणि मैत्रिणी होत्या. चाळिशीसुद्धा गाठलेली नसताना ही आठवणी कसल्या लिहिते म्हणून बाबा आज मला चिडवतात. त्यांना मी सांगत नाही की हे एक प्रकरण लिहिता यावं म्हणूनच बाकीची लिहायला घेतली.

शाळेतल्या स्ट्रिंग्जच्या गटात मी होते. माझ्या व्हायोलिनची एक खुंटी सारखी घसरायची. तार लावावी आणि दोन मिनिटांत ती ढिली. दुकानवाला म्हणाला, नवीन घ्या. शाळेतले सर म्हणाले, आधी क्वीन्सटाउनला एका आयरिश अंकलना दाखव, ते जहाजावरचे इंजिनियर होते आणि आता घरात बसून वाद्यं दुरुस्त करतात. म्हणून एका रविवारी सकाळी आई आणि मी जुरोंग ईस्टला गाडी बदलून क्वीन्सटाउनला गेलो. जुना ब्लॉक, लांब सामाईक कॉरिडॉर, कुंड्यांमध्ये मिरच्या आणि पांदान. दार उघडलं ते आंटी मे यांनी, त्या आयरिश डोनल अंकलच्या बायकोनं. चिनी, बुटक्या, कमरेला एप्रन. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "गर्ल, यू ईट ऑलरेडी ऑर नॉट?" आईला ती बाई तिथेच आवडली. पुढे दोन वर्षं या दोघींमध्ये एक डबा फिरत राहिला. आई खोबऱ्याच्या वड्या नाहीतर थालीपीठ पाठवायची आणि आंटी मे तो रिकामा कधीच परत करायच्या नाहीत. त्यात तांदळाचे हिरवे गुलाबी केक यायचे. ते बाबा एकटे संपवायचे आणि वर 'फार गोड आहेत' म्हणायचे.

डोनल अंकल सत्तरीचे, उंच, पोक आलेले. माझी खुंटी त्यांनी खडू आणि साबण लावून दहा मिनिटांत ठीक केली. मग वाद्य तपासायला म्हणून खांद्यावर न धरता छातीशी टेकवून धरलं आणि एक चाल वाजवली. नाचाची होती पण घाई नव्हती. लांब-आखूड, लांब-आखूड असा लंगडत चालल्यासारखा ठेका आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीन ठाम पावलं, कुणीतरी दारात चिखलाचे बूट आपटावेत तशी. माझ्या अंगावर काटा आला. मी आईकडे पाहिलं तर तिनं डोळे किंचित बारीक केले होते. ते मला चांगलं ओळखीचं होतं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "हात किती गोड आहे त्यांचा. पण निषाद लागत नाही. ना कोमल, ना शुद्ध, मधेच कुठेतरी लोंबकळतोय. वय झालं की बोट घसरतंच गं." तिच्या आवाजात कौतुक होतं आणि खरी कणवही होती. माझाही तिच्या कानावर पूर्ण विश्वास होता.

मी दर रविवारी जायला लागले. ती चाल म्हणजे हॉर्नपाइप, हे त्यांनी मला सांगितलं. हॉर्नपाइप हे मुळात शिंगाचं तोंड असलेल्या एका जुन्या पाव्याचं नाव. पावा गेला, नाव नाचाला चिकटलं. पुढे इंग्लंडातल्या नाटकांत खलाशाचं सोंग घेऊन हा नाच करायची टूम निघाली. "चाळीस वर्षं जहाजांवर काढली," अंकल म्हणायचे, "हा नाच करणारा खलाशी एकदाही पाहिला नाही. इंजिनरूममध्ये नाचायला गेलीस तर भाजशील." त्यांच्या या हॉर्नपाइपचं नाव 'कॉब्लर्स लँटर्न', म्हणजे मोच्याचा कंदील. छापील पुस्तकात तीच चाल 'टोलगेट' म्हणून होती. शेजारच्या परगण्यात तिला 'पायलट्स विडो' म्हणत आणि तिथे तिचा दुसरा भाग वरच्या सुरावरून सुरू होई. अमेरिकेला गेलेल्यांनी तिची तबकडी काढली, तिच्यात प्रत्येक मोकळ्या जागेत तीन-तीन सुरांचे झुबके भरले, आणि ती तबकडी गावी परत आल्यावर निम्म्या लोकांनी स्वतःची चाल टाकून ती उचलली. कुठे कुठे बायका हीच चाल अगदी सावकाश करून पाळण्याशी म्हणत. अंकल हे सगळे प्रकार एकामागून एक वाजवून दाखवायचे, लग्नाच्या अल्बममधले नातेवाईक दाखवावेत तसे, कोण कुणाचा कोण आणि कुणाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत. आंटी मे आतून ओरडायच्या, "सेम साँग लाह! ऑल सेम!" आणि अंकल मला डोळा मारायचे.

मग ते थांबायचे, हात पँटला पुसायचे आणि शेवटी आईची वाजवायचे. त्यांच्या आईची. तिच्या आजोबांना ती एका फिरत्या नाच-मास्तरकडून मिळाली होती. असे मास्तर एकेका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात सहा आठवडे मुक्काम ठोकून गावच्या पोरांना पावलं शिकवायचे. पुस्तकातल्या चालीत निषाद सरळ चढा होता. आईच्या चालीत तो मधला होता. वर जातानाही मधला, खाली येतानाही मधला. दुसऱ्या भागाच्या मध्यावर तर ती त्या सुरावर जरा जास्तच रेंगाळायची आणि मग खाली यायची. "तिला काहीतरी विचारायचंय आणि ती विचारत नाही, असं वाटायचं मला लहानपणी," अंकल म्हणाले. गावात एकदा शहरातून एक गृहस्थ यंत्र घेऊन लोकांची वाजवणी टिपायला आले. सगळ्यांनी अंकलच्या आईला पुढे केलं. तिनं केस नीट केले, एप्रन काढला आणि त्या गृहस्थांपुढे पुस्तकातली चाल वाजवली, चढा निषाद लावून, अगदी स्वच्छ. तिला आपल्या सुराची लाज वाटली. इंजिनाचा नट निसटल्याची हकिकत सांगावी तशा कोरड्या आवाजात अंकलनी हे मला सांगितलं आणि म्हणाले, "म्हणजे आता ती फक्त इथे आहे," आणि आपलं दुसरं बोट वर करून दाखवलं. रविवारी दुपारी नदीकाठच्या एका पबमध्ये आयरिश मंडळी जमून वाजवत असत, तिथेही ते पुस्तकातलीच वाजवायचे. चार लोकांत वाजवताना चार लोकांबरोबर जावं, असा त्यांचा नेम होता.

पहिल्या वर्षाच्या शेवटाला त्यांनी मला एका रविवारी तीच खुंटी दुसऱ्यांदा दुरुस्त करून दिली, जी आधीच दुरुस्त होती. नंतर आंटी मे यांना त्यांनी विचारलं की ही मुलगी कोण. मी तिथेच होते. आम्ही दोघींनी ते हसण्यावारी नेलं. डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते आंटी मे यांनी आईला फोनवर अक्षर अक्षर करून सांगितलं आणि आईनं ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून घेतलं, जणू लिहून घेतल्यानं काही होणार होतं. पुढच्या रविवारी अंकल चांगले होते. मला समोर बसवून म्हणाले, "माझं डोकं गळायला लागलंय. सगळं गेलं तरी चालेल, पण आईची चाल तू घेऊन ठेव. मला ते काळे ठिपके वाचता येत नाहीत. तू तुमच्या पद्धतीनं लिही. मी विसरलो की मला परत शिकव." मी फोनवर ती टिपून घेतली, तीन वेळा. तिसऱ्या वेळी ते त्या मधल्या सुरावर इतका वेळ थांबले की मला वाटलं, विसरले. विसरले नव्हते.

लिहायचं काम मी आईला दिलं, तिचा कान माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगला म्हणून. त्या तीन दुपारी मला अजून लख्ख दिसतात. टेबलावर माझा फोन, शेजारी बाईंकडे असताना वापरायची तसली लांबट वही, पट्टीनं आखलेले रकाने, मात्रांचे आकडे, सुरांखाली कोमलाच्या आडव्या रेघा. आईनं दोन दिवस पोळ्या केल्या नाहीत, आम्ही खालच्या हॉकर सेंटरमधून राइस आणून खाल्ला आणि कुणीही कुरकुर केली नाही. ती गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून येऊन टाय सोडताहेत तोच ती वही घेऊन पुढे आली.

"खमाज आहे हो! सरळ सरळ खमाज. वर जाताना शुद्ध निषाद, खाली येताना कोमल. आयर्लंडमध्ये खमाज!"

"उद्या त्यांच्याकडे वडापाव निघाला तर मला सांग," बाबा म्हणाले. पण तेही खूश झाले होते.

मी फोन कानाला लावून ऐकत होते. "आई, बट ही डझन्ट प्ले दॅट. तो दोन्ही नाही लावत. मधलाच लावतो, दोन्ही वेळा."

"अगं, ते लावायला जातात आणि बोट घसरतं. आजारी आहेत ना ते? मनात काय आहे ते ओळखून लिहायचं असतं. चूक नोंदवून ठेवायची नसते." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाई हेच सांगायच्या."

मला अंकलच्या आईची गोष्ट माहीत होती. ती त्या वेळी सांगायची होती. एवढंच करायचं होतं, आणि मी केलं नाही. कारण आई गुणगुणत होती. कारण मी पंधरा वर्षांची होते आणि मलाही मनातून वाटत होतं की आईचा कान एका गावातल्या बाईपेक्षा मोठा असणार. मी वहीतल्याप्रमाणे वाजवून पाहिलं आणि ते फार सुंदर वाजलं, खरं तर अंकलपेक्षा सुंदर. पुढच्या महिन्यात शाळेच्या सहलीला फोनची मेमरी भरली. फोटो काढायला जागा हवी होती. वहीत लिहून झालंच आहे, म्हणून मी ती तिन्ही रेकॉर्डिंग्ज पुसून टाकली. सेंटोसाच्या समुद्रावर आम्ही सात मैत्रिणी उड्या मारतोय असा तो फोटो आहे. सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत.

मग ओ-लेव्हलच्या परीक्षेचं वर्ष आलं. शाळा, ट्यूशन, पुन्हा शाळा. 'परीक्षा झाली की जाऊ' असं मी आईला म्हणायचे, आई 'त्यांना एक फोन तरी कर' म्हणायची, मी 'येस येस' म्हणायचे. परीक्षा झाली आणि त्या आठवड्यात आंटी मे यांचाच फोन आला. "गर्ल, ही फरगेट ऑलरेडी," त्या म्हणाल्या. रोज सकाळी फिडल, म्हणजे त्यांची व्हायोलिन, काढतात, धरतात, आणि काय वाजवायचं ते कळत नाही म्हणून परत पेटीत ठेवतात. पुस्तकातली चाल येते, पबमधली येते, ती एक येत नाही. "यू गॉट द बुक, राइट? यू कम अँड टीच हिम. कॅन?"

कॅन, म्हटलं मी. वही घेऊन गेले. अंकल खुर्चीत बसले होते, दाढी आंटी मे यांनी करून दिलेली, हनुवटीखाली थोडी राहिलेली. मला ओळखलं नाही, पण माझ्या व्हायोलिनची खुंटी ओळखली, तिच्यावरून अंगठा फिरवला. मी वाजवायला लागले. पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा उजळला, पाय जमिनीवर ठेका धरू लागला, आंटी मे तोंडावर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या. मग निषाद आला, वहीतला, कोमल, स्वच्छ. त्यांचा पाय थांबला. "नाही," ते म्हणाले. मी पुन्हा वाजवलं. "नाही. हे ते नाही." मी बोट मधे सरकवून पाहिलं. "नाही." जरा पुढे. "नाही." त्यांनी स्वतःची फिडल उचलली आणि दुसरं बोट तारेवर ठेवून ते वर-खाली, वर-खाली करत राहिले, चष्मा घरात कुठेतरी ठेवला आहे आणि सापडत नाही तसे. अर्धा तास. मग ते रडले. एवढ्या मोठ्या माणसाला आवाज न करता रडताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. नंतर सहा-सात आठवडे दर शनिवारी गेले. दर वेळी तोच सूर, तेच बोट. माझ्या कानात तो मधला निषाद कुठे होता ते मी आठवायला जायचे आणि मला आईनं गायलेला खमाज ऐकू यायचा. अंकलचा नकार मात्र दर आठवड्याला थोडा थोडा कमी होत गेला. आधी 'नाही' होतं, मग नुसतं कपाळ आकसायचं, मग तेही नाही. आणि एका शनिवारी, आंटी मे खाली बाजारात गेलेल्या असताना, त्यांनी माझ्याबरोबर सबंध चाल वाजवली. वर जाताना शुद्ध, खाली येताना कोमल. दुसऱ्या भागाच्या मध्यावर रेंगाळलेसुद्धा, कोमल निषादावर. तीन पावलं आपटून संपवली, फिडल मांडीवर ठेवली आणि माझा हात धरला.

"हीच," ते म्हणाले. "ही तिची. तू सांभाळलीस."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? नाही म्हणून त्यांना काय देणार होते मी? पण एक गोष्ट मला त्या क्षणी कळली आणि ती नंतर कधी पुसली गेली नाही. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत त्यांच्या डोक्यात कुठेतरी खरी चाल होती, म्हणून तर ते नाही म्हणत होते. ती शेवटची जागाही मीच भरून टाकली होती, शनिवारमागून शनिवार, वही बघून.

घरी आले तेव्हा आई डाळ फोडणीला टाकत होती. पाठ वळवूनच तिनं विचारलं, "जमलं का गं आज त्यांना?"

"हो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हीच त्यांच्या आईची."

आईनं गॅस बारीक केला. पदरानं डोळे टिपले. "बघ," ती म्हणाली, "बारा वर्षं शिकले ते कुठेतरी कामी आलं." मग तिनं शिरा केला, बेदाणे घालून, सणाला करावा तसा, आणि बाबा आल्यावर त्यांना सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. मी शिरा खाल्ला. दोनदा मागून घेतला.

अंकल पुढच्या वर्षी गेले. त्यांच्याच ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये तीन दिवस त्यांना ठेवलं होतं. पांढरे पडदे, गोल टेबलं, शेंगदाण्यांच्या बशा, पाकिटातला क्रिसँथेमम टी, म्हणजे शेवंतीचा चहा. शेवटच्या दुपारी पबमधली आयरिश मंडळी वाद्यं घेऊन आली. आंटी मे मला कोपराला धरून शवपेटीजवळ घेऊन गेल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, ही वाजवेल, हिच्याकडे त्याच्या आईचं गाणं आहे. आई पहिल्या रांगेत बसली होती, पांढरी साडी नेसून, हातात रुमाल. मी वाजवलं. वहीतलं. दुसरं माझ्याकडे होतंच कुठे? संपल्यावर ॲकॉर्डियन वाजवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, डोळे लाल झालेले. म्हणाल्या, त्यांनी हा कंदील नेहमी आमच्याबरोबर पुस्तकातलाच वाजवला, आम्हाला पत्ताच नव्हता; आणि तो खाली येताना उतरणारा सूर, असं आम्ही कुठेच ऐकलं नाही. आणि मी फोनवर टिपून घेतलंय, चालेल ना?

मी आईकडे पाहिलं. तिला इंग्रजी नीट कळलं होतं. ती लाजून हसत होती, बाईंनी सगळ्या वर्गासमोर नाव घ्यावं तशी.

"चालेल," म्हटलं मी.

ते रेकॉर्डिंग आता इंटरनेटवर आहे. खाली लिहिलंय की ही चाल डोनल यांच्या आईची, अमुक गावची, तिच्या आजोबांना नाच-मास्तरकडून मिळालेली. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशी मुलं ती शिकतात, आपापल्या खोलीत बसून वाजवतात आणि वर टाकतात. एकाने तर त्या गावाच्या जत्रेत वाजवली आहे, तिच्याच गावात, म्हाताऱ्या माणसांसमोर. ती म्हातारी माणसं माना डोलावताहेत. मी प्रत्येकाचं ऐकते. प्रत्येकाचा निषाद वर जाताना शुद्ध आणि खाली येताना कोमल आहे. खरं काय ते लिहून टाकावं असं कितीदा वाटलं. पण काय लिहू? ही चूक आहे, एवढं मला ठाऊक आहे. बरोबर काय होतं ते मला वाजवता येत नाही आणि आता ते जगात कुणालाच येत नाही. शिवाय ही गोष्ट आई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिच्या आयुष्यात तिच्या गाण्याची म्हणून एवढी एकच गोष्ट आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबा माझ्याकडे राहायला आले; आम्ही अजून बुकित बातोकलाच आहोत. ऑफिसातून लवकर आले की मी दिवेलागणीच्या आधी व्हायोलिन काढते, दार लोटून घेते आणि ती एकच जागा वाजवत बसते. दुसरं बोट तारेवर ठेवायचं आणि केसभर मागे, केसभर पुढे. कधीकधी वाटतं, हाच. लगेच वाटतं, नाही. नाही म्हणणारं आता कुणी समोर नाही, म्हणून मीच म्हणते. परवा असंच चाललं होतं. स्वयंपाकघरातून आईची हाक आली. आताशा तिला थोडं कमी ऐकू येतं, पण सूर मात्र ऐकू येतो.

"अगं, निषाद घसरतोय तुझा. नीट लाव."

मी नीट लावला.